सिल्व्हर नॅनोपार्टिकल्स बनवणं, तपासणं आणि त्यांचा विषारीपणा मोजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानं आणायची, धुवायची, उकळून गाळायची, त्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं, पिवळट-तपकिरी रंग आला की नॅनोपार्टिकल झाले, मग यूव्ही (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं ते बघणं), एक्सआरडी (एक्स-रेनं स्फटिक ओळखणं), टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधले फोटो), मग बॅक्टेरिया, मग कॅन्सरच्या पेशी आणि शेवटी आयसी-फिफ्टीचा (निम्म्या पेशींवर परिणाम करणाऱ्या डोसचा) एक आकडा. आपल्याकडच्या कितीतरी एमएस्सी प्रोजेक्टची आणि पीएचडीची वाट हीच असते. त्यात वाईट काही नाही. पण या वाटेवर एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो, तो म्हणजे पेशी मेली ती नक्की कशानं मेली? कणानं, कणातून सुटलेल्या चांदीच्या आयननं, का पानातल्याच कुठल्यातरी रसायनानं? खालची बरीचशी उत्तरं फिरून याच प्रश्नावर येतात, कारण हे कळल्याशिवाय केमिस्ट्रीवाल्याची मेहनतही वाया जाते आणि टॉक्सिकोलॉजीवाल्याचीही.

सगळे चांदीच का घेतात?

सोपं आहे म्हणून, आणि परिणाम दिसतो म्हणून. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात पटकन विरघळतं, साध्या साध्या गोष्टींनी रिड्यूस होतं (म्हणजे त्यातल्या आयनची धातू चांदी होते), कण झाले की डोळ्याला रंग दिसतो आणि बॅक्टेरिया मारण्याचा गुण तर चांदीत आधीपासूनच आहे. सोन्यापेक्षा स्वस्त, हेही खरं कारण.

प्रकार काही नवा नाही. मायकेल फॅरेडेनं १८५७ मध्ये सोन्याचे लाल कोलॉइड (पाण्यात तरंगत राहणाऱ्या बारीक कणांचं मिश्रण) बनवून त्यांच्या रंगाचा अभ्यास केला होता, कॅरी ली यांनी १८८९ मध्ये सायट्रेट वापरून चांदीचं कोलॉइड केलं होतं, फक्त तेव्हा 'नॅनो' हा शब्द नव्हता. आपल्या मातीतला भागही मोठा आहे. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००४ च्या काळात बुरशी, कडुनिंबाची पानं, लेमनग्रास यांच्यापासून चांदी-सोन्याचे कण बनवून दाखवले, आणि आज जगभर 'ग्रीन सिंथेसिस' म्हणून जे चालतं त्यातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामात ते मोडतं. अमरावती विद्यापीठातल्या महेंद्र राय यांच्या गटाचा २००९ चा चांदीच्या नॅनोकणांवरचा रिव्ह्यू तर बहुतेकांनी सिनॉप्सिस लिहितानाच वाचलेला असतो.

नॅनो झाल्यानं असा काय मोठा फरक पडतो?

हिशोबच करून बघा ना. एक ग्रॅम चांदीचा घन केला तर त्याची बाजू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी आणि सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ साधारण सव्वा चौरस सेंटीमीटर. तीच एक ग्रॅम चांदी १० नॅनोमीटरच्या गोळ्यांमध्ये वाटली तर क्षेत्रफळ होतं ५७ चौरस मीटर. १०० नॅनोमीटरचे गोळे केले तर ५.७ चौरस मीटर. चांदी गंजते ती पृष्ठभागावरून, आयन सुटतात ते पृष्ठभागावरून, प्रोटीन चिकटतात ते पृष्ठभागावर, म्हणजे 'कणाचा आकार' असं आपण म्हणतो तेव्हा अर्ध्या वेळा बोलत असतो ते पृष्ठभागाबद्दल. आणि १० नॅनोमीटरच्या एका कणात अणू किती, तर साधारण ३० हजार.

केमिकल पद्धत घेऊ का ग्रीन?

तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ठरवा, फॅशनवर नको.

विषारीपणाचा अभ्यास हाच मुख्य मुद्दा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की आधी सायट्रेटवाले कण बनवा. ली आणि मायझेल यांची १९८२ ची पद्धत आजही चालते: ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५०० मिली पाण्यात, उकळी आली की १ टक्का सोडियम सायट्रेट १० मिली, आणि तासभर उकळत ठेवायचं. कण एकसारखे येत नाहीत, काही कांड्यासारखेही येतात, पण बाटलीत काय काय आहे हे तुम्हाला माहीत असतं. लहान आणि जरा एकसारखे कण हवे असतील तर बोरोहायड्राइड: २ मिलिमोलरचं बर्फात थंड केलेलं ३० मिली द्रावण ढवळत ठेवून त्यात १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट १० मिली थेंब थेंब सोडायचं, संपलं की ढवळणं लगेच थांबवायचं. ढवळत राहिलात तर पिवळा रंग गढूळ होत जातो आणि कण गोळा होऊन बसतात. नीट जमलं तर १० ते १५ नॅनोमीटरच्या आसपासचे कण मिळतात.

ग्रीन पद्धतीत अर्कामध्ये पॉलिफेनॉल, साखरा, प्रोटीन, क्षार असं शेकडो गोष्टींचं मिश्रण असतं. झाड कुठल्या महिन्यात तोडलं, पानं कोवळी होती का जून, सावलीत वाळवली का उन्हात, यावर सगळं बदलतं, त्यामुळे मागच्या सेमिस्टरची बॅच आणि या सेमिस्टरची बॅच एकच आहे असं समजू नका. ग्रीन करायचं तर खुशाल करा, पण मग कंट्रोल जास्त लावावे लागतील याची तयारी ठेवा, आणि एकच मोठी बॅच बनवून सगळे प्रयोग त्याच बॅचवर करायचा प्रयत्न करा.

रंग बदलला, यूव्हीत ४२० ला पीक आलं, झालं ना काम?

अर्धं झालं. गोल चांदीच्या कणांचा प्लाझमॉन पीक (कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हलल्यानं येणारं शोषण) साधारण ३९० ते ४२० नॅनोमीटरच्या दरम्यान येतो, अर्काबरोबर जरा पुढे सरकून ४३०-४५० पर्यंतही जातो. पण अर्काला स्वतःचा रंग असतो, तोही त्याच भागात शोषण करतो. म्हणून नुसत्या अर्काचा, तितक्याच पातळ केलेला आणि तितकाच वेळ ठेवलेला ग्राफ त्याच आकृतीत टाका. आणि पीकचा नुसता आकडा सांगू नका, पीक किती रुंद आहे आणि ५०० च्या पुढे शेपूट लांबलेली आहे का ते बघा, कारण कण एकमेकांना चिकटायला लागले की पहिली खबर तिथे मिळते. हाच ग्राफ एक दिवसानं, एका आठवड्यानं, एका महिन्यानं परत घ्या. यूव्ही जवळपास फुकट असतो, त्यामुळे आळस करू नका.

एक्सआरडीमध्ये जास्तीचे पीक येतायत, ते काय आहेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, सिल्व्हर क्लोराइड.

कॉपरच्या नेहमीच्या एक्स-रे सोर्सवर धातू चांदीचे पीक टू थीटा (एक्स-रे वळतात तो कोन) ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. त्याशिवाय २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला टोकदार पीक दिसत असतील तर तुमच्या बाटलीत चांदीबरोबर सिल्व्हर क्लोराइडही आहे. कितीतरी पेपरांमध्ये हे तीन पीक तारांकित करून खाली 'बायो-ऑरगॅनिक फेज' असं लिहून पुढे गेलेलं दिसतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ते पीक एवढं स्पष्ट सांगत असतात. पानात क्लोराइड असतंच. त्यात अर्क करायला बोअरचं किंवा नळाचं पाणी वापरलं असेल तर विचारूच नका. खात्री करायची असेल तर ईडीएक्स (सॅम्पलमध्ये कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारा स्पेक्ट्रम) बघा: चांदीचा मुख्य पीक ३ केईव्हीच्या जवळ येतो आणि क्लोरिनचा २.६ च्या जवळ, दोघे शेजारी शेजारी असतात, म्हणून स्पेक्ट्रम मोठा करून बघावा लागतो. लॅबवाल्यांनी दिलेल्या टेबलमध्ये क्लोरिनची ओळच नसेल तर ती घ्यायला सांगा. तांब्याचा पीक दिसला तर घाबरू नका, तो टीईएमच्या ग्रिडचा असतो.

याचा विषारीपणाशी संबंध काय? सरळ आहे. सिल्व्हर क्लोराइड आणि धातू चांदी वेगवेगळ्या वेगानं आयन सोडतात, म्हणजे दोन वेगळे पदार्थ एकत्र तपासून तुम्ही त्याला एकच नाव देताय.

अजून एक, शेररच्या सूत्रानं (पीकच्या रुंदीवरून) जो आकडा येतो तो क्रिस्टलाइटचा (कणातल्या एका सलग स्फटिकाचा), अख्ख्या कणाचा नाही. आणि मशीनमुळे पीक जेवढा रुंद होतो तेवढा वजा केल्याशिवाय तोही आकडा लिहू नका.

टीईएममध्ये १५ नॅनोमीटर आणि डीएलएसमध्ये ९० नॅनोमीटर, खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं. टीईएम बघतं वाळलेल्या कणाचा धातूचा गाभा. डीएलएस विखुरलेल्या प्रकाशावरून बघतं पाण्यात हलणाऱ्या वस्तूचा आकार, म्हणजे गाभा, त्यावरचं आवरण, त्याच्याबरोबर ओढलं जाणारं पाणी, आणि दोन-चार कण चिकटले असतील तर ते सगळं मिळून. शिवाय प्रकाश विखुरणं हे व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या कणापेक्षा दहा लाख पट जास्त प्रकाश फेकतो. हळू बोलणाऱ्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये एकानं डीजे लावला की दुसरं काही ऐकू येत नाही, तसं थोड्याशा मोठ्या गठ्ठ्यांमुळे बाकीचे सगळे लहान कण झाकले जातात. म्हणून इंटेन्सिटीचा आकडा द्या, पॉलिडिस्पर्सिटी (आकार किती वेगवेगळे आहेत ते) द्या, आणि टीईएममध्ये सुंदर दिसणाऱ्या एका फोटोतले दहा-बारा कण न मोजता वेगवेगळ्या जागांचे काही शे कण मोजून हिस्टोग्राम काढा. त्यासाठी इमेज-जे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

टीईएमचा स्लॉट मिळवणं हे वेगळंच दुखणं आहे. पवईच्या आयआयटीतलं सैफ हे उपकरण केंद्र, विद्यापीठांच्या सेंट्रल फॅसिलिटी, आणि आय-स्टेम पोर्टलवरून देशभरातली मशीन्स बुक करता येतात. सॅम्पल पाठवायच्या आधी त्याच दिवशी यूव्ही घ्या, पोचेपर्यंत खराब झालं नाही हे दाखवायला उपयोगी पडतं.

एफटीआयआरवरून (इन्फ्रारेड स्पेक्ट्रमवरून) कॅपिंग, म्हणजे कणावरचं आवरण, कुठल्या रेणूचं आहे ते सांगता येतं का?

नाही. ३४०० च्या आसपासचा रुंद पट्टा आणि १६३० चा पट्टा जवळजवळ प्रत्येक पानाच्या अर्कात येतो, आणि सॅम्पल ओलं असेल तर नुसत्या पाण्यामुळेही येतो. कोणते ग्रुप असावेत एवढंच म्हणा.

डोस मायक्रोग्रॅम पर मिली असा लिहिलाय, चालेल ना?

मायक्रोग्रॅम कशाचे, हे आधी सांगा. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते.

१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट घेतलं आणि त्यातली सगळीच्या सगळी चांदी कणांमध्ये गेली असं धरलं तरी एका मिलीत चांदी असते फक्त १०८ मायक्रोग्रॅम. आता नेहमी काय होतं, तर द्रावण सेंट्रिफ्यूज करतात, गाळ ओव्हनमध्ये वाळवतात, खरवडून पावडर काढतात, ती पावडर वजन करून पाण्यात टाकून 'स्टॉक' बनवतात. त्या पावडरीत चांदी किती आणि पानाचा चोथा किती हे कोणालाच माहीत नसतं. अर्धी पावडर सेंद्रिय असेल तर तुमचा '५० मायक्रोग्रॅम' म्हणजे प्रत्यक्षात २५ मायक्रोग्रॅम चांदी, आणि दुसऱ्या लॅबचे सायट्रेटवाले ५० म्हणजे खरोखरचे ५०, मग तुमचे कण जास्त विषारी का त्यांचे हे ठरवणार कसं? शिवाय वाळवलेली पावडर परत नीट पसरत नाही, कितीही सोनिकेट केली तरी खाली बसते आणि पिपेटमध्ये दर वेळी वेगळी मात्रा येते.

म्हणून वाळवूच नका. कोलॉइड म्हणूनच ठेवा, धुवायचं तर डायलिसिस करा किंवा सेंट्रिफ्यूज करून ओलं असतानाच परत पसरवा, आणि एकूण चांदी आयसीपी-एमएस किंवा एएएसवर (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या मशीनवर) मोजून घ्या, त्यासाठी सॅम्पल आधी नायट्रिक अॅसिडमध्ये पूर्ण विरघळवावं लागतं. एवढं एक मोजमाप केलं तरी तुमचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी कामाशी ताडून बघता येतं.

कण मारतो का आयन मारतो, हे ओळखायचं कसं?

हा या सगळ्यातला मुख्य प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

चांदीचा कण पाण्यात गप्प बसत नाही. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन त्याचा पृष्ठभाग हळूहळू ऑक्सिडाइज करतो आणि चांदीचे आयन बाहेर येत राहतात, आम्लता जास्त असेल तर अजून वेगानं. म्हणजे महिनाभर ठेवलेल्या बाटलीत ताज्या बाटलीपेक्षा वेगळं रसायन असू शकतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात पेद्रो अल्वारेझ यांच्या गटानं २०१२ मध्ये यावर फार नेटका प्रयोग केला. त्यांनी कण ऑक्सिजनशिवायच बनवले आणि ई. कोलायवर ऑक्सिजनशिवायच तपासले, म्हणजे आयन सुटायची सोयच ठेवली नाही, आणि कणांनी बॅक्टेरिया मारले नाहीत. हवेत मात्र वेगवेगळ्या आकाराच्या, वेगवेगळ्या आवरणाच्या सगळ्या कणांचा परिणाम सुटलेल्या आयनच्या हिशोबात चपखल बसला. आकार, आवरण यांचा उपयोग आहेच, पण तो मुख्यतः आयन किती आणि कधी सुटतील हे ठरवण्यात.

आपल्या लॅबमध्ये ऑक्सिजनविरहित चेंबर नसतो हे मान्य. पण तीन गोष्टी नक्की करता येतात. पहिली, प्रत्येक प्लेटमध्ये सिल्व्हर नायट्रेटची स्वतंत्र डोस मालिका लावा, चांदीच्या वजनात मोजलेली. दुसरी, तुमचं द्रावण ३ किंवा १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल फिल्टरमधून गाळा, कण वर राहतात, आयन खाली येतात, ते खालचं पाणी पेशींवर टाका आणि त्यातली चांदी मोजा. खालच्या पाण्यानंच तेवढ्या पेशी मेल्या तर उत्तर मिळालंच की. तिसरी, सिस्टीन टाकून बघा, ते आयनला घट्ट धरतं, विषारीपणा गायब झाला तर संशय आयनकडे जातो. पण सिस्टीन कणांवरही चिकटतं आणि ऑक्सिडेटिव्ह ताणही कमी करतं, म्हणून एकट्या या पुराव्यावर निकाल लावू नका. ग्रीनवाल्यांनी चौथी गोष्ट, नुसता अर्क, आणि तोही तितकाच पातळ केलेला, तितकाच तापवलेला.

माणसाच्या पेशींमध्ये गोष्ट अजून गुंतागुंतीची होते. पेशी कण गिळते, तो लायसोसोममध्ये जातो, तिथे पीएच साडेचार-पाचच्या आसपास असतो, आणि कण आतमध्येच आयन सोडायला लागतो. म्हणजे बाहेरच्या मीडियात आयन कमी सापडले म्हणून आयनचा दोष नाही असं म्हणता येत नाही.

मीडियात टाकल्यावर कणांचं काय होतं?

बरंच काही होतं. पेशी वाढवायचं डीएमईएम हे मीडिया म्हणजे क्षारांचं पाणीच, कणांवरच्या विद्युतभाराचं संरक्षण कमी होतं आणि सायट्रेटवाले कण पटकन गोळा होतात. सीरम असेल तर त्यातली प्रोटीन्स कणाला गुंडाळतात आणि काही वेळा उलट त्याला स्थिर ठेवतात. सुटलेले आयन क्लोराइडला आणि प्रोटीनमधल्या सल्फरला जाऊन भिडतात. म्हणून 'झीटा (कणावरच्या विद्युतभाराचं माप) उणे ३५ मिलिव्होल्ट, कण स्थिर आहेत' हे शुद्ध पाण्यातलं वाक्य पेशींच्या प्रयोगाला लागू पडत नाही. ज्या मीडियात, जेवढ्या टक्के सीरममध्ये पेशी वाढवताय त्यातच कण टाकून शून्य तासाला आणि २४ तासांनी यूव्ही आणि डीएलएस घ्या, आणि नुसत्या मीडियाचाही घ्या, कारण सीरमची प्रोटीन्स डीएलएसमध्ये स्वतःच दिसतात.

एमटीटी केलं, आकडे विचित्र येतायत. जास्त डोसला पेशी वाढल्यासारख्या का दिसतात?

कारण एमटीटी पेशी मोजत नाही, रंग मोजतं. पिवळं एमटीटी जिवंत पेशी रिड्यूस करतात, जांभळं फॉर्मेझान होतं, ते डीएमएसओत विरघळवून ५७० ला वाचायचं. पण रिड्यूस करणं हे काही पेशीचंच काम नाही, तुमच्या पानातली पॉलिफेनॉल्सही ते करतात, ज्यांच्या जोरावर तुम्ही सिल्व्हर नायट्रेट रिड्यूस केलं तीच! त्यामुळे मेलेल्या पेशींच्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यातही) मस्त जांभळा रंग येतो. दुसरीकडे, गोळा झालेले कण ५७० लाही शोषण करतात आणि आकडा वर जातो.

उपाय सोपा आहे. पेशी नसलेल्या वेलमध्ये मीडिया, कण आणि एमटीटी सगळं टाकून वाचा. रंग आला तर एमटीटी टाकायच्या आधी कण धुवून काढा आणि परत बघा, तरी येत असेल तर पद्धत बदला. एलडीएचकडे (फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारं एन्झाइम मोजण्याकडे) वळताना सावध राहा, चांदीचे आयन ते एन्झाइमच निकामी करतात, मग पेशी फुटलेल्या असूनही 'काही झालं नाही' असं दिसतं. न्यूट्रल रेड हा रंग, किंवा सरळ ट्रिपॅन ब्लू टाकून हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर) मोजणं, कंटाळवाणं आहे पण भरवशाचं आहे. दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या पद्धती एकच सांगत असतील तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

मेडिकल डिव्हाइसच्या आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागात जिवंत पेशींचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त घटलं तर पदार्थ सायटोटॉक्सिक धरतात, ती रेषा आपल्या ग्राफवर दाखवली तर वाचणाऱ्याला सोयीचं जातं.

सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) कुठली घेऊ? सीनियरकडे चांग लिव्हर आहे.

चांग लिव्हर घेऊ नका. नावात लिव्हर असलं तरी त्या पेशी हेला आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, हे केव्हाच सिद्ध झालंय. डब्ल्यूआरएल-६८ या लाइनचं तेच. 'नॉर्मल लिव्हर' म्हणून या पेशी वापरल्या की तुमचा कॅन्सर विरुद्ध नॉर्मल हा सगळा मुद्दाच कोसळतो. चुकीच्या ओळखीच्या सेल लाइनची यादी आयसीएलएसी नावाची आंतरराष्ट्रीय समिती ठेवते, घ्यायच्या आधी त्यात नाव शोधा. पेशी शेजारच्या लॅबमधून डब्यात आणण्यापेक्षा पुण्यात एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय पेशी भांडारातून मागवा, आणि मायकोप्लाझ्मा (पेशींना लपून होणारा जंतुसंसर्ग) तपासून घ्या. बॅक्टेरिया-बुरशीचे स्ट्रेन एनसीएलमधल्या एनसीआयएम या जंतू-संग्रहाकडे मिळतात.

'फक्त कॅन्सरच्या पेशी मारतात, नॉर्मलला काही होत नाही' असं लिहिता येईल का?

एका कॅन्सर लाइन आणि एका नॉर्मल लाइनवरून तर नाहीच. वाढीचा वेग, वेलमध्ये पेशी किती टाकल्या, एका मीडियात ५ टक्के सीरम आणि दुसऱ्यात १० टक्के, एवढ्यावरही आयसी-फिफ्टी बदलतो. सिल्व्हर नायट्रेटसुद्धा त्याच दोन लाइनवर तोच फरक दाखवतं का ते आधी बघा. आणि प्लेटमधल्या पेशींवरून 'कॅन्सरवर औषध' असं प्रेसनोटमध्ये तर अजिबात जाऊ देऊ नका, ज्यांच्या घरात पेशंट आहे ती माणसं हे वाचत असतात.

अगर प्लेटवर झोन छान आलाय, तो पुरेसा आहे का?

झोन (बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ) म्हणजे अगरमध्ये पदार्थ किती लांब पसरला आणि किती मारला या दोन्हीचं मिश्रण. कण अगरमध्ये नीट सरकत नाहीत, आयन सरकतात, तेही वाटेत क्लोराइडला अडकतात. म्हणून १४ मिलिमीटरचा झोन १२ पेक्षा भारी असं काही नसतं. ब्रॉथमध्ये एमआयसी (वाढ थांबवणारा कमीत कमी डोस) काढा, शेजारी सिल्व्हर नायट्रेट आणि एक माहितीतलं अँटिबायोटिक ठेवा.

प्राण्यांवर प्रयोग करायचा नसेल तर पुढे काय करता येतं?

डॅफ्निया (पाण्यातला चिमुकला कवचधारी जीव) फार चांगला पर्याय आहे, आणि चांदीला तो कमालीचा संवेदनशील आहे, आयन स्वरूपातली चांदी लिटरला काही मायक्रोग्रॅम असली तरी त्याला पुरते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या पद्धतीत २४ तासांपेक्षा लहान पिल्लं घ्यायची, एका डोसला निदान २०, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत, आणि ४८ तासांनी बीकर हलकेच हलवून १५ सेकंद बघायचं, जे पोहलं नाही ते 'इमोबाइल' म्हणून मोजायचं. कंट्रोलमधलीच १० टक्क्यांहून जास्त थांबली तर तो प्रयोग बाद. हे हातात भिंग घेऊन बसून करायचं काम आहे, यातून मुलं निरीक्षण शिकतात म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो.

झेब्राफिशचे भ्रूण हा दुसरा पर्याय, ओईसीडी २३६, ९६ तास, त्यात अंडं गोठणं, सोमाइट (भ्रूणाच्या पाठीवरचे खंड) न बनणं, शेपटी सुटी न होणं आणि हृदयाचे ठोके न दिसणं या चार गोष्टी बघायच्या. सुरू करण्याआधी तुमच्या संस्थेच्या अॅनिमल एथिक्स कमिटीला लेखी विचारा. उंदीर-घुशींसाठी तर मंजुरीशिवाय काहीच करायचं नाही, १९६० चा कायदा आणि १९९८ चे नियम आहेत. नॅनो-औषधांच्या दिशेनं जायचं असेल तर जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा.

एका प्लेटमध्ये आठ वेल लावले, म्हणजे एन बरोबर आठ?

नाही, एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर एक. आठ वेल म्हणजे तुमचं पिपेटिंग किती सारखं आहे एवढंच कळतं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या प्लेटमध्ये परत वाढवलेल्या) पेशी, नव्यानं बनवलेल्या डोस, असं निदान तीन वेळा करा आणि त्या तिघांच्या सरासरीवर स्टॅटिस्टिक्स लावा. वेगळ्या बॅचचे कण घेता आले तर अजून उत्तम.

ग्रीन पद्धतीनं बनवले म्हणजे बिनविषारी ना? घरचे विचारतात चांदीचं पाणी प्यावं का.

दोन्हीचं उत्तर नाही. चांदी ती चांदीच, तुळशीनं बनवली म्हणून आयन सोडायची थांबत नाही. कोलॉइडल चांदी दीर्घकाळ पोटात घेतलेल्या लोकांना अर्जिरिया होतो, कातडी निळसर-राखाडी पडते आणि सहसा परत पूर्ववत होत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं १९९९ मध्येच अशी बिनचिठ्ठीची उत्पादनं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत असं जाहीर केलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. लॅबमधलं १ मिलिमोलरचं द्रावण त्याच्या हजार पटीहून जास्त असतं, हे बेसिनमध्ये ओतताना डोक्यात असू द्या.

मग उरलेलं द्रावण टाकायचं कुठे? आणि काचेला लागलेला आरसा कसा काढायचा?

काचेला आधी पातळ नायट्रिक अॅसिड. अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडचं मिश्रण) सोन्यासाठी ठीक, पण चांदीवर त्यातल्या हायड्रोक्लोरिकमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर बसतो आणि काम वाढतं. अॅसिडचं भांडं कधीही बंद ठेवू नका आणि अॅसिटोननं धुतलेल्या ओल्या काचेत नायट्रिक ओतू नका.

उरलेलं कोलॉइड वेगळ्या बाटलीत साठवा, फ्यूम हूडमध्ये हळूहळू नायट्रिक टाकून विरघळवा, बोरोहायड्राइडचं असेल तर हायड्रोजन निघतो म्हणून तर जास्तच हळू, मग त्यात मिठाचं पाणी टाका, पांढरा दह्यासारखा साका खाली बसेल. तो गाळून गडद बाटलीत 'चांदीचा कचरा' अशी चिठ्ठी आणि तारीख लावून ठेवा आणि घातक कचऱ्याबरोबर द्या. टॉलेन्सचं (सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं) द्रावण मात्र एक रात्रसुद्धा ठेवायचं नाही, त्यात स्फोटक संयुग तयार होतं, वापरून झालं की लगेच पातळ अॅसिड टाकून निकामी करा. सिल्व्हर नायट्रेटचे बोटांवरचे काळे डाग काही दिवसांत जातात, डोळ्यात उडालं तर मात्र इजा गंभीर होते, तेव्हा ग्लोव्हज नसले तरी चालेल असं म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका आणि गॉगल तर घालाच.